ऑफिसच्या टीमची २४ तासांची धर्मादाय सायकल मोहीम: पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

ऑफिसातल्या चार-पाच जणांनी एका चांगल्या कामासाठी सायकल चालवायची ठरवली, की आधी चर्चा होते सायकलींची, मग जर्सीची आणि सगळ्यात शेवटी पैशांची. हा क्रम उलटा हवा. आमच्या पहिल्या मोहिमेत देणग्या एका सहकाऱ्याच्या यूपीआयवर जमा झाल्या. रक्कम संस्थेला पोहोचली, पण पावती निघाली ती त्या एकाच्याच नावाने. बाकीच्या देणगीदारांना करसवलतीचा कागद देता आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सुरुवात संस्थेपासून करू.

संस्था आणि तिचे कागद

संस्थेकडून या गोष्टींच्या प्रती मागून घ्या: धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या १२एबी (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) नोंदणीचे आदेश, रद्द केलेला धनादेश. आदेशांवरची मुदत स्वतः वाचा. या नोंदण्या आता ठरावीक काळानंतर नव्याने कराव्या लागतात आणि काम चांगलं असलेल्या छोट्या संस्थांकडूनही ते राहून जातं. त्यानंतर संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र घ्या: तुमची टीम अमुक तारखांना आमच्यासाठी निधीचं आवाहन करत आहे आणि देणग्या थेट आमच्या खात्यात येतील.

या पत्राला महत्त्व आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला किंवा गटाला वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात ती हीच. टीमने हातात पैसा घेऊच नये, क्यूआर कोड संस्थेचा आणि धनादेश संस्थेच्या नावाने, हा त्यातला सरळ रस्ता.

देणगीदाराला काय सांगायचं

नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम एवढं पुरतं. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर त्यावर ८०जीची वजावट मिळत नाही. वजावट मिळते तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच. हे आधी न सांगता ‘टॅक्स वाचेल’ म्हणून पैसे मागू नका.

परदेशातल्या सहकाऱ्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक आयटी कंपनीत येतोच. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या सहकाऱ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ती परदेशी देणगी ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) का असेना. अशी देणगी फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी असलेल्या संस्थेला घेता येते आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. संस्थेच्या नेहमीच्या क्यूआरवर ती मागू नका. नोंदणी धोक्यात येते ती संस्थेची.

कंपनीकडून काय घ्यायचं

एचआरकडून नाव आणि लोगो वापरण्याची लेखी संमती घ्या. कंपनी तुमच्या रकमेइतकी भर सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून घालणार असेल, तर संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो. २०२१ पासून तो बंधनकारक आहे. केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, म्हणून जर्सी, जेवण, गाडीचं इंधन हे वेगळ्या खिशातून करा. आम्ही तो खर्च आपापसात वाटून घेतो. देणगीचा एक रुपयाही चाकाखाली जाता कामा नये.

गटविमा सुट्टीच्या दिवशीच्या अशा मोहिमेला लागू होतो का, तेही लेखी विचारा. होत नसेल तर प्रत्येकाने वैयक्तिक अपघात विमा काढावा.

टीममध्ये कोण

आम्ही ‘फ्लेश’ नावाच्या फ्रेंच सांघिक प्रकाराचे नियम उसने घेतो: ३ ते ५ सायकली, २४ तास, किमान ३६० किलोमीटर. एका जागी दोन तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही, शेवटच्या दोन तासांत किमान २५ किलोमीटर कापायचेच आणि निदान तिघांनी एकत्र पोहोचायचं. दुसरा थकला की आपला वेग कमी करायचा, हे ऑफिसच्या टीमला शिकवणारा याहून चांगला प्रकार मला माहीत नाही.

वय १८ पूर्ण हवं. त्याशिवाय प्रत्येकाने आधी २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) १३ तास ३० मिनिटांत आणि ३०० ची २० तासांत पूर्ण केलेली असावी. उत्साहापोटी कोणालाही यातून सूट देऊ नका, साहेबांनाही नाही. प्रत्येकाकडून आधारची प्रत, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, रक्तगट, घरच्या दोघांचे फोन नंबर आणि सही केलेलं संमतीपत्र घ्या. चाळिशी ओलांडलेल्यांनी ईसीजी काढावा. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर निघायचं नाही.

रस्ता आणि पोलीस

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे. जुना महामार्ग धरा आणि खोपोलीनंतर शिंग्रोबाच्या देवळाकडून घाट चढा. पुणे–कोल्हापूर बाजू निवडली तर पुणे शहर, पुणे ग्रामीण, सातारा, सांगली आणि कोल्हापूर अशा हद्दी लागतात. झेंडा दाखवण्याचा कार्यक्रम, मांडव, गर्दी असेल, तर स्थानिक पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखेकडे निदान महिनाभर आधी अर्ज द्या. सोबत मार्गाचा नकाशा, थांब्यांच्या वेळा, सहभागींची यादी, मदतीच्या गाडीचा क्रमांक आणि संस्थेचं पत्र जोडा. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी असते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंदच ठेवायचा. कार्यक्रम नसला, नुसत्या पाच सायकली निघणार असल्या, तरी आम्ही प्रत्येक हद्दीत माहितीचं पत्र देतो आणि पोहोच घेतो. रात्री दोन वाजता हवालदारांनी अडवलं की तोच कागद कामी येतो.

मोहीम संपल्यावर आठवडाभरात संस्थेच्या पावत्या आणि आपली यादी ओळीने ताडून पाहा. पॅनमधलं एखादं अक्षर चुकलेलं सापडतंच. संस्थेने वर्षभराच्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यायचं असतं आणि देणगीदाराचा दाखला, जो आतापर्यंत १०बीई म्हणून ओळखला जातो, त्यातूनच तयार होतो. तो प्रत्येकाला मिळाला का, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात टीममधल्या एकाने फोन करून विचारायचं. ते काम कोणाचं, हे निघण्यापूर्वीच ठरवा.