स्टॅम्प काँक्रीटचा सीलर : वर बसणारा आणि आत मुरणारा

घोडबंदर रोडवरच्या बंगल्यांचे ड्राइव्ह-वे, खारघरच्या रो-हाउसची अंगणं, सोसायट्यांचे पोडियम, म्हणजे पार्किंगच्या छतावरची मोकळी जागा… ओल्या काँक्रीटवर साचे दाबून दगडी फरशीचा भास देणारं स्टॅम्प काँक्रीट आता सगळीकडे दिसतं. कामाच्या कोटेशनात शेवटची ओळ ठरलेली असते : ‘सीलर, दोन हात’. सीलर म्हणजे पाणी अडवायला शेवटी मारायचा द्रव. कुठला सीलर, हे कुणी लिहीत नाही आणि कुणी विचारतही नाही.

बाजारात या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक काँक्रीटवर पापुद्रा धरते, दुसरी आत मुरते आणि वर काहीच दिसत नाही. दोन्हींवर पाणी शिंपडलं तर थेंब गोल होऊन घरंगळतात, त्यामुळे काम ताब्यात घेताना चकाकीपलीकडचा फरक लक्षात येत नाही. तो पावसाळ्यात कळतो. तोपर्यंत ठेकेदाराचा शेवटचा हप्ता गेलेला असतो.

वर बसणारा सीलर म्हणजे बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक. झायलीनसारख्या द्रावकात विरघळवलेलं किंवा पाण्यात बारीक कणांच्या रूपात मिसळलेलं रेझिन. द्रावक उडून गेलं की मागे पारदर्शक थर उरतो. ‘ओला’ दिसणारा गडद रंग आणि चकाकी या थरामुळे येते. त्याचं आणखी एक काम आहे, जे ग्राहकाला कुणी सांगत नाही. साचे चिकटू नयेत म्हणून काँक्रीटवर रिलीज पावडर भुरभुरतात. धुतल्यावर तिचा थोडा भाग ठशांच्या खाचांमध्ये राहतो आणि त्यानेच दगडाची दुरंगी छटा दिसते. ती पावडर धरून ठेवायला पापुद्रा लागतो.

आत मुरणारा सीलर म्हणजे सिलेन, सिलोक्सेन किंवा दोन्हींचं मिश्रण. हे रेणू काँक्रीटच्या छिद्रांमध्ये शिरतात, तिथल्या सिलिकाशी बांधले जातात आणि छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसं करून टाकतात. सिलेनचा रेणू लहान, तो काही मिलिमीटर आत जातो; सिलोक्सेनचा मोठा, तो पृष्ठभागाजवळ राहतो. छिद्रं बुजत नाहीत. पाणी वरून आत शिरत नाही, पण खालची वाफ बाहेर पडू शकते. रंग बदलत नाही आणि चकाकी शून्य. ‘पैसे घेऊन काही मारलंच नाही’ अशी तक्रार याच सीलरबद्दल येते.

काउंटरवर तिसरा डबाही पुढे केला जातो, सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचा. तो पृष्ठभाग कडक करणारा डेन्सिफायर आहे. गोदामाच्या फरशीला उत्तम. पाणी थोपवण्यासाठी घेऊ नये.

या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागातले असतात. तिथली चिंता वेगळी आहे. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. छिद्रात साचलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं आणि प्रत्येक फेरीत वरचा थर थोडा उचलला जातो. म्हणून तिथे काँक्रीट ओततानाच त्यात ५ ते ८ टक्के सूक्ष्म हवा धरतात, म्हणजे बर्फाला फुगायला जागा मिळते. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ या फेऱ्या आणखी वाढवतं. पहिल्या हिवाळ्यात मीठ टाळून वाळू पसरा असं सांगतात ते यासाठी. अमोनियम नायट्रेट किंवा सल्फेट असलेली मिश्रणं तर काँक्रीटला रासायनिकरीत्याच खातात. अशा ठिकाणी सिलेन-सिलोक्सेनला पसंती असते, कारण जाड पापुद्र्याखाली अडकलेलं पाणी गोठलं तर पापुद्रा आणि काँक्रीटचा पातळ थर दोन्ही एकदम निघतात. आणि ‘हिवाळ्याआधी सील करा’ हा सल्लाही तिथलाच.

तो सल्ला जसाच्या तसा उचलून ठाण्यात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काम काढलं की फसतं. जमीन चार महिन्यांचं पाणी प्यायलेली असते. गंमत अशी की, आयएस ४५६ : २००० या आपल्या मानकात जोरदार पाऊस, आलटून-पालटून ओलं-कोरडं होणं आणि ओल्या अवस्थेत अधूनमधून गोठणं ही सगळी परिस्थिती एकाच ‘तीव्र’ वर्गात आहे, किनारपट्टीही त्याच वर्गात. म्हणजे आपलं हवामान काँक्रीटला सोपं नाही. फक्त इथे मार बर्फाचा नाही. ओल, ऊन, शेवाळ आणि खाडीकडची खारी हवा यांचा आहे.

आणि ओल फक्त वरून येत नाही. वाशी, ऐरोली, उलवे इथल्या खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत पाण्याची पातळी उंच असते. खारघरला पांडवकड्याच्या बाजूचा उतार आणि ठाण्यात येऊरचा पायथा पावसाळा संपल्यावरही बराच काळ झिरपतो. लादीखाली, म्हणजे या काँक्रीटच्या थराखाली, प्लॅस्टिकचा कागद न घालता ते ओतलं असेल तर ही वाफ वर येतच राहते. सिलेन तिला वाट देतो. अ‍ॅक्रिलिक तिला बऱ्याच अंशी अडवतं, मग ती पापुद्र्याखाली साचते आणि दुधी डाग दिसू लागतात. आधी खाचांमध्ये, जिथे सीलर जाड साचलेला असतो, मग पोपडे. निवड चकाकी पाहून होते, व्हायला हवी ती या खालच्या ओलीवरून.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा लादीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि निदान १६ तास, म्हणजे रात्रभर आणि सकाळ, तसाच ठेवा. आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा काळपट झालं, तर अ‍ॅक्रिलिक लावू नये. ठशांमुळे टेपखाली फट राहते, तिथे बोटाने दाबून बसवावा. एकच तुकडा पुरत नाही : एक कुंपणाच्या भिंतीजवळ, एक मध्ये, एक उताराच्या खालच्या टोकाला.

तीनही तुकडे कोरडे निघाले, जागेवर ऊन येतं, पाण्याला ढाळ आहे आणि दुरंगी छटा हवी आहे, तर अ‍ॅक्रिलिक बिनधास्त घ्यावं. झाडांच्या सावलीतली, डोंगराकडची किंवा खाडीलगतच्या भरावावरची लादी असेल तर आत मुरणारा घ्यावा आणि चकाकीचा मोह सोडावा. खाचांमधली पावडर एक-दोन पावसाळ्यांत फिकी पडेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं. रंग काँक्रीटच्या पोटातच मिसळलेला असेल तर तोही प्रश्न नाही.

अ‍ॅक्रिलिकचा हात देण्याआधी काँक्रीटला २८ दिवस झालेले असावेत. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये कोरडं असतं खरं, पण दुपारी लादीवर पाय ठेववत नाही. गरम लादीवर वरचा पृष्ठभाग लगेच सुकतो, खालचं द्रावक आणि छिद्रांतली तापलेली हवा बाहेर पडायला धडपडते, आणि कढईतल्या पुरीसारखे बारीक फुगे टरारून येतात. लादी १० ते ३२ अंशांच्या दरम्यान हवी. हिवाळ्यातही तीननंतर, लादी निवू लागली की सुरुवात करावी. सूर्यास्ताआधी तासभर हात थांबवावा, नाहीतर दव पडून तोच दुधी डाग. दुसरा हात दुसऱ्या दिवशी.

धुण्याचं काम निम्मं यश ठरवतं. प्रेशर वॉशरला पंख्यासारखा फवारा देणारा नोझल लावावा आणि तो लादीपासून फूटभर लांब धरावा. एका धारेचा नोझल रंगीत थर खरवडून काढतो. शेवाळाला ब्लीच : एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, १० ते १५ मिनिटं ठेवून ब्रशने घासायचं. पांढरा खार वर आला असेल तरच सौम्य ऍसिड, एकाला निदान १५ ते २० पट पाणी, आणि तेही आधी कोपऱ्यात करून पाहून. टाइल धुणारे सरसकट वापरतात ते कडक ऍसिड इथे रंगच धुऊन नेतं. ब्लीच आणि ऍसिड एकाच दिवशी, एकाच बादलीत कधीच नको. क्लोरीन वायू सुटतो. धुतल्यावर किमान दोन पूर्ण दिवस उन्हात वाळू द्यायचं. वरून कोरडी दिसणारी लादी खाचांमध्ये ओली असते.

मालाचा हिशेब ६०० चौरस फुटांसाठी असा : पहिल्या हाताला लिटरमागे साधारण ६० चौरस फूट, म्हणजे १० लिटर, दुसऱ्या हाताला लिटरमागे ७५, म्हणजे ८ लिटर. २० लिटरचा एक ड्रम पुरतो. ठेकेदार ‘एकच जाड हात मारतो, चकाकी जास्त येईल’ म्हणाला तर हात जोडावेत. पांढरेपणा, फुगे, पोपडे या तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा जाड थरातच असतं. द्रावकाला न विरघळणारा ९ इंची रोलर घ्यावा आणि खाचांमध्ये साचलेला सीलर लगेच ओढून पसरवावा. पातळ करायला कंपनीने सांगितलेलंच द्रावक. पटकन उडणारा थिनर हाती लागला म्हणून ओतला, तर फुग्यांना आमंत्रण.

पावसात अ‍ॅक्रिलिक निसरडं होतं, फाटकाच्या उतारावर तर फारच. दुसऱ्या हातात बारीक पॉलिमरची अँटी-स्किड पावडर मिसळावी, लिटरला २० ते २५ ग्रॅम, आणि ड्रम सतत ढवळत राहावा, नाहीतर पावडर तळाशी बसते आणि शेवटच्या दहा फुटांत सगळी उतरते. माणसांना २४ तासांनी, गाडीला निदान ७२ तासांनी सोडावं. लवकर सोडलेल्या गाडीचे गरम टायर पापुद्रा चिकटवून उचलतात.

स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेत, काम असेल तर एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. झायलीनची वाफ सुमारे २७ अंशांपासून पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. त्या दिवशी तिथे बिडी, ग्राइंडर, स्कूटरची किक, सगळं बंद. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला मास्क लागतो.

आत मुरणाऱ्याची पद्धत उलटी. रोलर नको, बागेत वापरतात तसा कमी दाबाचा पंप घ्यावा आणि लादी भिजेल इतका सोडावा, लिटरमागे साधारण ४० ते ४५ चौरस फूट. ६०० चौरस फुटांना १४ लिटरच्या आसपास. पहिला ओला असतानाच १० मिनिटांत दुसरा, आणि खाचांमध्ये उरलेला मऊ झाडूने झाडून काढायचा. तो तिथेच सुकला तर पांढुरका चिकट थर राहतो. काच, ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि ग्रॅनाइटचे उंबरे आधी प्लॅस्टिकने झाकावेत. काचेवर पडलेले शिंतोडे निघत नाहीत. रंगीत हार्डनरने (पृष्ठभाग रंगवून कडक करणाऱ्या पावडरने) घट्ट झालेल्या लादीत मुरणं कमी होतं, म्हणून आधी हातभर जागेवर करून पाहावं.

जुनी लादी असेल आणि आधी काय मारलं होतं ते कुणालाच ठाऊक नसेल, तर कोपऱ्यात झायलीनचे दोन थेंब टाकून अर्ध्या मिनिटाने बोट लावा. चिकट लागलं तर अ‍ॅक्रिलिक. नाण्याने खरवडल्यावर पांढरा भुसा निघाला तरी तेच. अशा लादीवर सिलेन ओतणं म्हणजे पैसे वाया. पापुद्रा त्याला आत जाऊच देत नाही. उलट बाजूने, सिलेन मुरलेल्या लादीवर अ‍ॅक्रिलिकची पकड कच्ची राहते. म्हणून पहिल्या वेळची निवड पुढची दहा वर्षं बांधून ठेवते.

देखभालीत अ‍ॅक्रिलिक खर्चिक. आपल्या पावसात दर दोन-तीन वर्षांनी एक पातळ हात लागतो, जिथे टायरच्या रेघा फिक्या झाल्या तिथे आधी. तीन-चार थर चढले की पुढचा चढवू नये, स्ट्रिपर, म्हणजे जुना पापुद्रा सोडवणारं रसायन, लावून सगळं काढावं. दुधी डाग किंवा फुगे आले असतील तर कोरड्या, थंड दिवशी नुसतं झायलीन पातळ फिरवून लगेच रोलर मारला की पापुद्रा मऊ होऊन पुन्हा बसतो. पण ओल खालून येत असेल तर डाग पुढच्या पावसाळ्यात परत येतो. सिलेन नीट मुरला असेल तर पाच वर्षं सहज जातात. पाण्याचे थेंब घरंगळायचे थांबून लादी काळपट भिजू लागली की पुन्हा मारायचा.

सोसायट्यांच्या सभेत एक गैरसमज हटकून निघतो : पोडियमवर सीलर मारला की खालच्या पार्किंगमधली गळती थांबेल. दोन्हींपैकी कुठलाच सीलर भेग बुजवत नाही आणि साचलेल्या पाण्याचा दाब पेलत नाही. पोडियमची गळती खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थरात, पाइपच्या तोंडाशी नाहीतर जॉइंटमध्ये असते, ती तिथेच दुरुस्त करावी लागते. उलट, गळक्या पोडियमवर चकाकणारा पापुद्रा चढवला की आत अडकलेलं पाणी त्याला सहा महिन्यांत उचलून टाकतं.

कोटेशन हातात आल्यावर ‘सीलर, दोन हात’ या ओळीच्या जागी एवढं लिहून घ्यावं : सीलरचा प्रकार, अ‍ॅक्रिलिक की सिलेन-सिलोक्सेन, कंपनी आणि घटकांचं प्रमाण, एकूण लिटर, ओलीची चाचणी कुणी आणि कधी करायची, अँटी-स्किड पावडर धरली आहे का. ड्रम सीलबंद आणावेत आणि तुमच्यासमोर फोडावेत, कारण अर्धा ड्रम थिनरने भरलेला असेल तर सुकल्यावर ते कुणालाच ओळखता येत नाही.