डाऊनी की भुरी? मोबाइलवरच्या धड्यामागचे शिक्षणशास्त्र

ऑक्टोबर छाटणीनंतर हवा ढगाळ झाली की नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत पानावरचा डाग पाहून एकच प्रश्न विचारला जातो : ही डाऊनी की भुरी? हे द्राक्षावरचे दोन वेगवेगळे रोग. या प्रश्नाचे उत्तर शिकवणारा मोबाइलवरचा एक धडा डोळ्यांसमोर आणू. वर पानाचे चित्र, त्यावर १ ते ६ आकडे, आणि आकड्यांचे अर्थ चित्राखाली, पडदा सरकवल्यावर दिसणारे. नवा बागायतदार खाली जाऊन चौथ्या आकड्याचा अर्थ वाचतो आणि वर येईपर्यंत तो आकडा कशावर होता हेच विसरतो.

यात दोष त्याच्या बुद्धीचा नाही. आपली कार्यस्मृती, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती, एका वेळी मोजक्याच गोष्टी पेलते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा सुमारे सात मानली होती, पुढच्या संशोधनाने ती चारच्या आसपास आणली. त्यातली जागा आकडे जुळवण्यात खर्ची पडली, तर रोग समजून घ्यायला काय उरणार? जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेला बोधात्मक भाराचा सिद्धांत नेमके हेच सांगतो. उपायही साधा आहे. पानाच्या वरच्या बाजूवरील डागालाच खेटून ‘तेलकट, पिवळसर’ असे लिहावे आणि खालच्या बाजूच्या चित्रावर ‘कापसासारखी पांढरी बुरशी’ असे लिहावे. माहिती तेवढीच राहते, फक्त डोळ्यांची येरझार थांबते.

मात्र वीस वर्षे बाग सांभाळलेल्या माणसाला हेच बारीकसारीक स्पष्टीकरण अडथळा ठरू शकते, कारण त्याच्या डोक्यात आधीच पक्के असलेले ज्ञान आणि पडद्यावरचा मजकूर यांची सांगड घालण्यात त्याचे श्रम वाया जातात. सर्वांना एकच व्हिडिओ पाठवणे म्हणूनच मला शिक्षणाच्या दृष्टीने अपुरे वाटते.

१९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी अध्यापन यंत्र बनवले, ज्यात लहान टप्पे होते आणि प्रत्येक उत्तरानंतर ते बरोबर की चूक हे लगेच कळत असे. आजच्या ॲपमधली हिरवी खूण त्याच विचारातून आली आहे. पण प्रश्नाचा उपयोग तपासणीपुरता नसतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर पुन्हा न वाचता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आठवण्याच्या श्रमानेच स्मृती पक्की होते, ही गोष्ट डिजिटल धडे रचणाऱ्यांच्या हातून फार सहज निसटते.

दूरशिक्षणात हे भान पूर्वीपासून आहे. नाशिकमध्ये १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांचा विद्यार्थी बहुतेक वेळ घरी एकटाच अभ्यास करतो, आणि अशा विद्यार्थ्यासाठीच दूरशिक्षणाच्या पुस्तकांत मजकुराच्या मधेमधे स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न घालण्याची पद्धत रुळली. मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्की यांनी सांगितलेला जाणत्याचा आधार, म्हणजे अडल्या जागी जाणकाराने दिलेली मदत, मात्र पुस्तकाला पुरेसा देता येत नाही. बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्याने पानाचा फोटो टाकला आणि अनुभवी शेतकऱ्याने ‘पान उलटून बघ’ एवढेच लिहिले, तर तो आधार मिळतो.

डाऊनीचा धडाही सारांशाशी थांबवू नये. आठवड्याने त्याच बागायतदाराला एक छायाचित्र जावे, ज्यात पानाची फक्त वरची, तेलकट डागांची बाजू दिसेल, आणि सोबत प्रश्न असावा : हे पान उलटल्यावर काय दिसेल?