दिवाळीचं उटणं: तेलामागून आलेली पूड

दसरा उलटला की किराणा दुकानाच्या काउंटरवर उटण्याची पाकिटं लटकायला लागतात. काहींवर वॉर्डातल्या इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो असतो, म्हणजे ती फुकट मिळालेली. अलीकडे त्यांच्या जोडीला घरच्या घरी बॉडी स्क्रब करण्याच्या पाककृतीही फिरतात: कॉफी, साखर, ओट्स, मध. दोन्हींची जातकुळी एकच असं आपण गृहीत धरतो. काहीतरी खरखरीत अंगावर घासायचं आणि मेलेली कातडी काढून टाकायची. उटण्याबाबत हे जेमतेम अर्धं खरं आहे. अंगावर मुरवलेल्या तेलातलं उरलेलं तेल मळासकट उचलून घेणं हे उटण्याचं मूळ काम. बहुतेक पाकिटांमागच्या सूचनेत मात्र ‘दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवून लावा’ एवढंच असतं, तेलाचा उल्लेखही नसतो.

जुने ग्रंथ या क्रमाबद्दल पक्के आहेत. पार्वतीने अंगाच्या मळापासून गणपती घडवला ही गोष्ट घरोघरी माहीत आहे. मत्स्यपुराणात ती सांगताना तपशील येतो तो असा: शैलजेने, म्हणजे पार्वतीने, आधी सुगंधी तेलाने अंग माखलं, मग चूर्णांनी ते चोळलं आणि त्या चोळण्यातून जे निघालं त्याचा हत्तीच्या तोंडाचा पुतळा केला. ज्याने तेल लावून डाळीच्या पिठाने अंग चोळलंय त्याला ही कल्पना कुठून सुचली असेल हे लगेच कळेल. तेल पिठात शिरतं, पीठ हाताखाली आधी चिकट होतं, मग कोरडं पडत जातं आणि दंडावरून, पोटऱ्यांवरून त्याच्या करड्या वळकट्या सुटून खाली पडतात. पाण्यात कालवलेल्या उटण्याच्या अशा वळकट्या होत नाहीत. ते अंगावर वाळतं आणि धुऊन जातं.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला २४वा अध्याय रोजच्या देहसेवेचा आहे. त्यात अंग चोळण्याचे प्रकार वेगवेगळे मोजले आहेत. उद्वर्तन, म्हणजे पुडीने अंग चोळणं, कफ आणि मेद कमी करतं, अंग घट्ट करतं, त्वचा उजळ करतं. उद्घर्षण म्हणजे खरोखरचं घासणं, आणि त्यासाठी चक्क विटेचा वापर सांगितला आहे, खाज आणि अंगावर उठलेल्या गांधी घालवण्यासाठी. म्हणजे आज ज्याला आपण स्क्रब म्हणतो तो प्रकार त्यांना ठाऊक होता, पण त्याचं खातं निराळं होतं. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या शहरी रसिकाचं वेळापत्रकही असंच विभागलेलं आहे: आंघोळ रोज, अंग मळणं दिवसाआड, फेस करणारं द्रव्य दर तिसऱ्या दिवशी.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात मला सगळ्यात मोलाची गोष्ट सापडते. दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा म्हटलंय आणि उद्वर्तनाचे गुण सुश्रुताच्याच शब्दांच्या जवळपास जाऊन सांगितलेत. पण पुढे ऋतुचर्येत हे उद्वर्तन येतं ते वसंतात, साठलेला कफ मोडण्यासाठी. शरदाच्या प्रकरणात त्याचा पत्ता नाही. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पित्ताचा काळ. तिथे कडू द्रव्यांचं तूप, विरेचन म्हणजे जुलाब देणं, चंदन-वाळा-कापराची उटी आणि चांदण्यात बसणं. आहारात तर तेल टाळायलाच सांगितलंय. ‘आयुर्वेदाने शरदात उटणं लावायला सांगितलं आहे’ असं दरवर्षी ठासून लिहिणाऱ्यांनी एकदा हा अध्याय उघडून पाहायला हरकत नाही.

मग दिवाळीचा विधी ग्रंथात कशाशी जुळतो? हेमंताशी. तिथे वाग्भट म्हणतो, वातनाशक तेलाने अभ्यंग करावा, डोक्यावर तेल घालावं, अंग मळून घ्यावं, कुस्ती खेळावी आणि मग तुरट द्रव्यांनी तेल काढून आंघोळ करावी. त्याचा शब्द आहे ‘कषायापहृतस्नेहः’. तेल, मर्दन, तेल काढणारं द्रव्य, मग स्नान: आपल्या पहिल्या आंघोळीचा अख्खा आराखडा त्या ओळींत आहे. हेमंत सुरू व्हायला दिवाळीनंतर महिना असतो. माझा अंदाज असा की आपल्याकडे ऑक्टोबरची तलखी सरता सरता हवा कोरडी पडायला लागते, ओठ आणि टाचा आधी सांगतात, आणि लोकांनी पंचांगापेक्षा अंगाचं ऐकलं.

सणाचा शिक्का त्यावर धर्मशास्त्राने मारला. इथे एक गंमत आहे. चतुर्दशी आणि अमावास्या या तिथींना एरवी अंगाला तेल लावणं निषिद्ध मानलेलं. आश्विन वद्य चतुर्दशी हा त्याला ठरवून केलेला अपवाद. ‘तैले लक्ष्मीर्जले गंगा’ हा श्लोक त्याचसाठी: दीपावलीच्या चतुर्दशीला तेलात लक्ष्मी आणि पाण्यात गंगा वसते. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली निर्णयसिंधु हा धर्मशास्त्राचा ग्रंथ रचला, पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० साली धर्मसिंधु. दोघेही या स्नानाची वेळ चंद्रोदयाशी बांधतात. वद्य चतुर्दशीची चंद्रकोर सूर्याच्या थोडीच आधी उगवते, म्हणून ही आंघोळ पहाटेची. बलिप्रतिपदा आणि वर्षप्रतिपदा या दिवशीही अभ्यंग सांगितला आहे, आणि न करणाऱ्याला थेट नरकाची धमकी आहे. पाडव्याची आंघोळ लोक विसरले, धमकीचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही.

या ग्रंथांतला भर तेलावर आणि आघाड्यावर आहे. नांगरटीचं ढेकूळ आणि काटेरी पानांचा आघाडा अंगावरून फिरवत म्हणायचा मंत्र त्यात येतो. काही घरांत आजही आंघोळीच्या मध्ये आघाड्याची फांदी ओवाळतात. कोकणात आणि गोव्यात कारीट हे कडू रानफळ डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा. उटणं काय घालून करायचं हे मात्र घराघरावर सोडलेलं. घराची जात, पत आणि जवळचं रान यांवर ते ठरायचं.

साध्या घरात ते डाळीचं पीठ, हळद आणि चमचाभर साय इतकंच असे. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणारी बाई आजही हेच वापरते. कोकणात तेल खोबरेल, देशावर तिळाचं किंवा करडईचं. ऐपतवाल्यांकडे मात्र काष्ठौषधींच्या दुकानातून सामान यायचं: नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा, आंबेहळद, जटामांसी, अनंतमूळ, वाळवलेली गुलाबाची पाकळी, संत्र्याची साल. नागरमोथा ही लव्हाळ्याच्याच कुळातली गाठ. शेतकरी ज्या लव्हाळ्याला शिव्या घालत खुरपतो त्याच्या भाऊबंदाला दुकानात तोळ्यावर भाव मिळतो. पण यातली बरीचशी द्रव्यं वासासाठी आहेत. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाला गंधयुक्ती म्हणत, आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांची यादी आहे, त्यात स्नानालाही वेगळं प्रकरण दिलं आहे. आपण पाकिटातून विकत घेतो तो वास त्या दरबारी परंपरेचा. काम करणारी वस्तू मात्र पीठ आणि माती. पिठातला स्टार्च तेल शोषतो, मुलतानी मातीचे बारीक कण त्याहून जास्त. रिठा-शिकेकाईत सॅपोनिन असतं, ते फेस करून तेल पाण्यात सोडवतं.

साबण आला आणि हे काम त्याने एका झटक्यात खाऊन टाकलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती साबण बंदरांवर उतरायला लागला, पण त्यात जनावराची चरबी असते म्हणून सोवळ्याच्या घरांत त्याला मज्जाव होता. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १९१८च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला आणि ती अडचण गेली. त्यानंतर रोजच्या आंघोळीतलं पीठ मागे पडत गेलं आणि उटणं वर्षातून चार दिवसांचं झालं. पुढे त्या चार दिवसांतही साबणाने जागा मिळवली. टाटा ऑइल मिल्सचा जाडजूड, गोल मोती साबण दिवाळीशी इतका जोडला गेला की कित्येकांना अभ्यंगस्नान म्हटलं की आधी त्याचाच वास आठवतो. ती कंपनी १९९०च्या दशकात हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली, साबण टिकला.

एक फरक मात्र राहिला. साध्या साबणाचा सामू (pH) ९ ते १०, त्वचेचा साधारण ५च्या आसपास. साबण लावलेलं तेल काढतो आणि त्वचेचं स्वतःचं तेलही धुतो. पीठ वरवरचं उचलतं, खालचं बरंचसं राहू देतं. थंड देशांत राहणाऱ्या मराठी घरांना हे लवकर कळतं, कारण तिथे शरद सुरू होताच हीटर लागतो आणि नडग्यांवर पांढऱ्या रेषा उमटतात. बॅगेतून नेलेलं उटणं नुसतंच लावलं तर त्या वाढतात. आधी तेल लावलं तर नाही.

दरम्यान पश्चिमेत स्क्रबची वेगळीच कथा घडत होती. कारखान्यांनी त्यात प्लास्टिकचे बारीक मणी घातले. ते गटारातून नद्यांत आणि माशांच्या पोटात पोचले, आणि अमेरिकेने २०१५ साली धुऊन टाकायच्या प्रसाधनांतल्या अशा मण्यांवर बंदीचा कायदा केला. साखर, मीठ, कॉफी असे घरगुती पर्याय पुन्हा चलतीत आले ते याच काळात. साखरेने घासणं आपल्याकडे अगदीच नवं नाही. पंढरपूरला यात्रा संपल्यावरच्या प्रक्षाळपूजेत विठ्ठलाच्या पायांना लिंबू-साखर चोळून ऊन पाण्याने स्नान घालतात, देवाचा शिणवटा जावा म्हणून. त्या मूर्तीची झीज झाली म्हणून तिला वज्रलेपही, म्हणजे झीज थांबवणारे लेप, करावे लागले आहेत, याला शतकानुशतकांचे अभिषेक आणि स्पर्श कारण आहेत. पाषाणाची ही गत, तर गालाच्या कातडीवर दाणेदार साखर नको. टाचा-कोपरांपुरती ठीक आहे. लिंबू लावून उन्हात जाऊ नये, काळे डाग पडतात. जुन्या उटण्यांत घालत त्या बावची या औषधी वनस्पतीचंही तेच: तिच्यातलं सोरालेन उन्हाशी मिळून त्वचा भाजतं. उटण्यात बावची घालायचा सल्ला अजून दिला जातो, तो ऐकू नये.

घरी करायचं तर क्रम जुनाच बरा. मसुराचं पीठ १०० ग्रॅम, मुलतानी माती ५० ग्रॅम. कोरड्या कातडीला माती निम्मी. नागरमोथा, वाळा आणि गव्हला-कचोरा यांची पूड प्रत्येकी १० ग्रॅम, आंबेहळद ५ ग्रॅम. वाळा घरच्या मिक्सरमध्ये नीट दळला जात नाही, धागे राहतात, तो पूड करूनच आणावा. चंदन खरं परवडत असेल तर सहाणेवर उगाळून ऐन वेळी घालावं. पाकिटातल्या पिवळ्या पुडीत चंदन असेलच असं नाही. सगळं वस्त्रगाळ करावं, सपिटाच्या चाळणीने भागत नाही, चिमटीत खर लागली तर पुन्हा गाळावं.

आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहावं. पहाटे कोमट तिळाचं तेल अंगभर जिरवावं, निदान पंधरा-वीस मिनिटं बसावं, मग मूठभर कोरडी पूड तशीच अंगावर घेऊन हलक्या हाताने चोळावी. वळकट्या सुटायला लागल्या की दुधाचा हात लावून पुन्हा एकदा फिरवावं आणि ऊन पाणी घ्यावं. साबण त्या दिवशी लागत नाही. पूड कोरड्या बरणीत दोन-तीन महिने राहते. दूध घालून कालवलेली दुपारपर्यंत आंबते, म्हणून घरात माणसं किती ते पाहून कालवावी. मोरीच्या जाळीत माती आणि पीठ मिळून गच्च बसतं, ती आधी काढून ठेवलेली बरी.