एम-५३० नावाची माणसं

गच्ची गळत होती, तिथून ही गोष्ट सुरू झाली. इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या शेजारी मांडेकाका राहतात. पावसाच्या आत वॉटरप्रूफिंग व्हावं म्हणून त्यांच्या मुलानं जर्मनीहून पैसे पाठवले. एरवी दोन दिवसांत येणारे पैसे आठवडा उलटला तरी आले नाहीत. काका बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन बघितला आणि म्हणाली, "काकाजी, कंप्लायन्स में है. ऊपर से क्लिअर होगा." हे 'ऊपर' कुठं असतं, ते काही तिनं सांगितलं नाही. संध्याकाळी काका माझ्याकडे आले. कॉम्प्युटरमध्ये काम करणाऱ्या माणसाला शेजारी अशाच वेळी गाठतात.

बँक कारण सांगत नाही, कारण सांगायची पद्धतच नाही. एखादा व्यवहार संशयास्पद म्हणून सरकारला कळवला असेल, तर ते ग्राहकाच्या कानावर घालायला कायद्यानं बंदी आहे. पण देशाबाहेरून येणारा प्रत्येक पैसा कोणत्या चाळणीतून जातो, ते मात्र सांगता येतं. मी काकांना तेच सांगायला बसलो आणि चहा दोनदा झाला.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १५ ऑक्टोबर १९९९ रोजी १२६७ क्रमांकाचा ठराव केला. तालिबान ओसामा बिन लादेनला ताब्यात देत नाही, म्हणून तालिबानचे पैसे जगभर गोठवायचे, असं त्यात होतं. ज्यांचे पैसे गोठवायचे त्यांची यादी झाली. पुढं अल कायदा आणि मग आयसिस त्या यादीत आली. तालिबानची यादी २०११ मध्ये वेगळी काढली. राहिलेल्या यादीत आज अडीचशेच्या आसपास माणसं आणि ऐंशीहून जास्त संस्था आहेत. जगाच्या लोकसंख्येपुढं हा आकडा म्हणजे पोह्यांतली मोहरी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सतराच दिवसांत, २८ सप्टेंबर २००१ ला, १३७३ क्रमांकाचा ठराव आला. प्रत्येक देशानं दहशतवादाला पैसा पुरवणं हा गुन्हा ठरवावा आणि असा पैसा गोठवावा, असं त्यानं बंधन घातलं. आपल्याकडे मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, २००८ च्या अखेरीस, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात ५१-अ हे कलम आलं. सरकारला खातं गोठवायचा अधिकार त्यातून मिळतो.

गोठवणं म्हणजे जप्ती नव्हे. पैसा मालकाचाच राहतो, फक्त हलत नाही. त्यासाठी आधी खटला चालवून गुन्हा सिद्ध करावा लागत नाही आणि आधी नोटीसही जात नाही. नोटीस दिली तर दुपारपर्यंत खातं रिकामं होईल. म्हणून या व्यवस्थेत सगळा भर वेळेवर आहे. एफएटीएफ ही पैशांच्या गैरव्यवहारांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या नियमांत 'विलंब न लावता' याचा अर्थ यादीत नाव आल्यावर शक्यतो काही तासांत, असा दिला आहे. नाव जुळलं तर भारतीय बँकेनं चोवीस तासांच्या आत गृहमंत्रालयाला कळवायचं असतं.

ऐकायला सोपं आहे. यादी घ्यायची, खातेदारांची नावं घ्यायची, जुळवायची. पण गाडी इथंच चिखलात रुतते.

यादीतलं एक नाव आपल्या ओळखीचं आहे: दाऊद इब्राहिम कासकर. आडनाव चक्क आपल्या कोकणातलं. २००३ साली यादीत चढलेल्या या एका माणसाची टोपणनावं वीसच्या आसपास भरतात. दाऊदचं रोमन स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी येतं. हसन, शेख, मेमन हे शब्द मागंपुढं होतात. मध्येच 'दिलीप अझीझ' येतो. शेवटी 'बडा भाई', 'बडा सेठ', 'हाजी साहब'. सियागंजात उभं राहून "बडे सेठ!" अशी हाक मारा, निम्मी दुकानं वळून बघतील. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या याद्यांत टोपणनावांचेही दोन दर्जे केलेले असतात, चांगल्या प्रतीची आणि हलक्या प्रतीची. नुसत्या हलक्या नावावरून कुणाला अडवायचं नसतं. ती फक्त पुरवणी पुरावा म्हणून.

स्पेलिंगचा गोंधळ का होतो, हे समजायला आपल्या माळव्यातला एक जुना किस्सा पुरेसा आहे. इथल्या व्यापाऱ्यांच्या वह्या पूर्वी मुडिया लिपीत लिहीत, आणि त्या लिपीत काना-मात्रा गाळत. कुणीतरी पत्र धाडलं, 'काकाजी अजमेर गया'. घरच्यांनी वाचलं, 'काकाजी आज मर गया', आणि रडारड सुरू झाली. अरबी लिपीचंही असंच आहे. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. मोहम्मद हे नाव तिथं चार व्यंजनांत संपतं: म, ह, म, द. रोमन लिपीत आणताना मधले स्वर ज्यानं त्यानं आपल्या कानाप्रमाणे भरायचे. इजिप्तमधला कारकून एक भरतो, पाकिस्तानातला दुसरा, फ्रेंच शिकलेला अल्जीरियन तिसरा. माणूस एक, पासपोर्टावरची नावं तीन.

यावरचा पहिला तोडगा या यादीपेक्षा ऐंशी वर्षं जुना आहे. रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकन माणसानं १९१८ मध्ये 'साउंडेक्स' पद्धतीचं पेटंट घेतलं. नाव कसं लिहिलंय ते सोडा, कसं ऐकू येतं ते बघा, एवढीच कल्पना. पुढं रूढ झालेल्या तिच्या रूपात पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, आणि उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या जवळिकीप्रमाणे एक ते सहा आकडे द्यायचे. म आणि न दोन्ही नाकातले, त्यांना ५. द आणि त, दोघांना ३. क, ग, ज, स, एक्स या सगळ्या घोळक्याला २. शेजारी-शेजारी एकच आकडा आला तर एकदाच लिहायचा, आणि तीन आकडे भरले नाहीत तर शेवटी शून्य.

आता गंमत बघा. दीक्षित हे नाव आपल्याकडे कुणी एक्स घालून लिहितो, कुणी के-एस-एच घालून. दोन्हींचा साउंडेक्स डी-२३०. पद्धत पास! मोहम्मद कोणत्याही स्पेलिंगनं लिहा, एम-५३०. पुन्हा पास. मुडिया लिपीनं जे नकळत केलं, म्हणजे स्वर टाकून देणं, तेच साउंडेक्सनं मुद्दाम केलं आणि म्हणून अरबी नावांवरही ते लागू पडलं.

मग मी काकांच्या नावाचा हिशेब कागदावर मांडला. एम. मग एन म्हणजे पाच. मग डी म्हणजे तीन. एम-५३०.

"म्हणजे मी मोहम्मद?" काकांनी विचारलं. मशीनच्या लेखी, हो. महमूदसुद्धा एम-५३०, आणि मुंडेसुद्धा.

आणि ज्याला पकडायचं तो मात्र निसटू शकतो. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं असल्यामुळे कादिर हे नाव के-नं लिहिलं तर एक कोड आणि क्यू-नं लिहिलं तर दुसरा. ओसामा आणि उसामाही वेगळे पडतात.

दुसरी पद्धत गणिती आहे. व्लादिमीर लेवेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञानं १९६५ मध्ये ती मांडली, तीही भलत्याच कामासाठी: संदेश पाठवताना होणाऱ्या चुका मोजायला. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, ते त्या दोन शब्दांमधलं अंतर. मोबाइलवर चुकीचं टाइप केलं की योग्य शब्द सुचवणाऱ्या सोयीच्या मुळाशीही असंच मोजमाप असतं. पण नावांवर ती लावून बघा. रोमन लिपीत शेवटी ई-डी लिहिलेल्या 'मोहम्मद'चं शेवटी ए-डी असलेलं 'मुहम्मद' करायला दोन अक्षरं बदलावी लागतात, ओ-चा यू आणि ई-चा ए. आणि 'कदम'चं 'कादर' करायला? एकच, शेवटचं. म्हणजे एकच माणूस स्वतःपासून दोन घरं लांब, आणि साताऱ्याचे कदम कुणा कादरपासून एकाच घरावर. अंतराची मर्यादा दोनवर ठेवा, कदम अडकतात. एकवर आणा, तरी कदम अडकतातच आणि मुहम्मद सुटतो! आजची सॉफ्टवेअर अशा अनेक पद्धती एकत्र करतात, संपूर्ण नाव बघतात, जन्मसाल, देश आणि पासपोर्ट क्रमांक पडताळतात. पण यादीतल्या अनेकांचं जन्मसालच 'अंदाजे' म्हणून दिलेलं असतं. शेवटी एक माणूस खुर्चीत बसून दोन नोंदी शेजारी ठेवतो आणि ठरवतो. तेच ते 'ऊपर'.

त्या माणसाची अवस्था आकड्यांत सांगतो. आकडे मी सोयीसाठी मानलेले आहेत. समजा, एका बँकेतून दिवसाला १० लाख व्यवहार जातात आणि त्यांतला एकच खरोखर यादीतल्या माणसाचा आहे. चाळण इतकी उत्तम, की हजार निर्दोष व्यवहारांत ती एकालाच चुकून अडवते. म्हणजे संध्याकाळपर्यंत टेबलावर १,००१ फायली. एक खरी, हजार मांडेकाका. चाळण ढिसाळ आहे म्हणून असं होत नाही. शोधायची गोष्ट अतिदुर्मीळ असली की हे होणारच. दुर्मीळ रोगाची तपासणी सरसकट सगळ्या गावाची केली तर डॉक्टरांपुढंही असाच ढीग लागतो. चाळणीची भोकं लहान करा, ढीग वाढतो. मोठी करा, तो एक निसटतो. आणि बँकेला दंड बसतो तो निसटलेल्याबद्दल. काकांना आठवडाभर ताटकळत ठेवल्याबद्दल कुणी तिला जाब विचारत नाही. भोकं कोणत्या बाजूला झुकणार, ते वेगळं सांगायला नको.

"एवढं करून सापडतं का कुणी?" काकांचा पुढचा प्रश्न, आणि रास्त.

इथं मुंबईच्या हल्ल्यातला एक तपशील सांगायला हवा. हल्लेखोर पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी इंटरनेटवरच्या फोनसेवेनं बोलत होते. त्या सेवेचं शुल्क म्हणून हल्ल्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर २००८ ला, इटलीतल्या ब्रेशा शहरातल्या पैसे पाठवायच्या एका दुकानातून पैसे पाठवले गेले. रक्कम २२९ डॉलर. ज्याच्या नावावर ते गेले, तो माणूस इटलीत कधी आलेलाच नव्हता. त्याची ओळख उसनी घेतली होती. त्या दुकानातल्या दोघांना वर्षभरानं अटक झाली. नावं जुळवणारी कोणतीही चाळण इथं काय करणार? ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सगळा खर्च अमेरिकेच्या चौकशी आयोगानं ४ ते ५ लाख डॉलर काढला. अपहरणकर्त्यांनी अमेरिकन बँकांत आपापल्या खऱ्या नावांनी खाती उघडली होती, आणि तेव्हा ती नावं निर्बंधांच्या यादीत नव्हती.

हल्ला स्वस्त असतो, संघटना महाग. प्रशिक्षणाचे तळ, पगार, शस्त्रं, प्रचार, मेलेल्यांच्या घरच्यांना दरमहा रक्कम, यासाठी पैसा सतत वाहता लागतो. आयसिस तेल विकून राज्य चालवत होती, तेव्हा सुरक्षा परिषदेनं फेब्रुवारी २०१५ मध्ये २१९९ क्रमांकाच्या ठरावानं तिच्या तेलाच्या आणि लुटलेल्या पुराणवस्तूंच्या खरेदीवर बोट ठेवलं ते यासाठीच. माझ्या मते या निर्बंधांचं खरं काम पैसा पकडणं नाहीच. ज्याचं नाव यादीत आलं, त्याला साधा बँकेचा रस्ता बंद होतो. मग दुसऱ्याच्या नावावर, रोख, बॅगेतून, हवाल्यातून. प्रत्येक वळणावर कुणीतरी कमिशन खातो, कुणीतरी फितूर होऊ शकतो. गोठवलेल्या रकमांचे आकडे पाहून निर्बंधांचं यश मोजणारे लोक मला म्हणूनच पटत नाहीत.

हवाल्याचं नाव निघालं की इंदूरकर जरा सावरून बसतो. होळकरशाहीत माळव्यातल्या अफूचा व्यापार सावकारांच्या हुंड्यांवर चालायचा, आणि आज रात्री आपण जिथं गराडू खातो तो सराफा पेढ्यांचाच बाजार. पण हुंडी हा कागद होता. त्यावर नावं असत, तो कोर्टात उभा राहायचा. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानं देशी भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले. हवाल्यात कागद नाही. इकडं रोकड दिली, तिकडं दहाच्या नोटेचा नंबर दाखवून उचलली. दोन दलालांमधला हिशेब नंतर कधीतरी मालाच्या बिलात मिटतो. ज्या व्यवहारात नावच लिहिलेलं नाही, त्याला साउंडेक्स लागत नाही.

चाळणीत चुकीचा माणूस अडकला तर? आपल्याकडे त्यानं बँकेकडे अर्ज करायचा, आणि तो निर्दोष असल्याची खात्री पटली की पंधरा कामाच्या दिवसांत खातं मोकळं करायचं, अशी कार्यपद्धती सरकारी आदेशात आहे. संयुक्त राष्ट्रांत मात्र कितीतरी वर्षं दाद मागायला स्वतंत्र माणूसच नव्हता. यासीन कादी या सौदी व्यावसायिकाचं नाव २००१ मध्ये यादीत गेलं. युरोपीय न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलं, की आरोप न सांगता आणि बाजू न ऐकता मालमत्ता गोठवता येणार नाही. त्यानंतर, २००९ च्या डिसेंबरात, तक्रारी ऐकणारं लोकपालाचं पद निर्माण झालं. कादींचं नाव २०१२ मध्ये निघालं. सोमालियातल्या अल बरकात या पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं त्याहून वाईट झालं. नोव्हेंबर २००१ मध्ये ती गोठवली, दहशतवादाशी संबंधाचा पुरावा अमेरिकन तपासाला मिळाला नाही, आणि मधल्या काळात परदेशातल्या सोमाली मुलांनी आईबापांना पाठवलेले पैसे अडकून पडले. त्या देशात तेव्हा चालणाऱ्या बँका नव्हत्या.

काकांचे पैसे अकराव्या दिवशी आले. तोवर त्यांनी कपाटातले सगळे कागद काढून एक शोध लावला होता: बँकेच्या पासबुकात त्यांच्या आडनावात एम नंतर एक ए आहे, पासपोर्टात दोन. मला विचारलं, यामुळे झालं असेल का. मी साउंडेक्स काढून दाखवला, दोन्हीकडे एम-५३०. लेवेनश्टाइनचं अंतर एक.

तरी ते वकिलाकडे जाऊन आले. शपथपत्राचे आठशे सांगितले, शिवाय वर्तमानपत्रात जाहिरात. गच्चीचं काम झालं, पहिला मोठा पाऊस कोरडा गेला. पासपोर्टात अजून दोन ए आहेत.