स्क्रिप्टमधील दोषशोधन

संगणकाने एकामागून एक करायच्या कामांची लिहून ठेवलेली आज्ञावली म्हणजे स्क्रिप्ट. ती मनासारखी चालली नाही, तर चूक नेमकी कुठल्या ओळीत किंवा कुठल्या माहितीत आहे हे हुडकून काढून ती दुरुस्त करणे म्हणजे दोषशोधन. रोजच्या बोलण्यात यालाच डीबगिंग म्हणतात. सोलापुरात पायथन, बॅश किंवा जावास्क्रिप्ट या संगणकभाषांमध्ये लिहिल्या जाणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट छोट्या कामांच्या असतात: टॉवेल कारखान्यातील मागवार उत्पादनाची बेरीज, पतसंस्थेच्या थकबाकीची यादी, महाविद्यालयाच्या हजेरीचा तक्ता. काम छोटे असले तरी त्यावर कुणाचा तरी पगार किंवा हप्ता अवलंबून असतो.

दोष दोन तऱ्हांचे असतात. पहिल्यात स्क्रिप्ट थांबते आणि का थांबली ते सांगते. दुसऱ्यात ती शेवटपर्यंत चालते, फाइलही तयार करते, पण फाइलमधला आकडा चुकीचा असतो. नवशिके पहिल्याला घाबरतात. भ्यायला हवे ते दुसऱ्याला. मागावर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ताण्याचा धागा तुटला आणि माग थांबला, तर विणकर गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. धागा तुटूनही माग चालत राहिला, तर कापडात उभी रेघ पडत जाते आणि ती नजरेस येईपर्यंत बराच माल विणून झालेला असतो.

सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जॅकार्ड यंत्रणेवर विणतात, तीही एक आज्ञावलीच आहे. पुठ्ठ्यावर छिद्र असेल तर तो धागा उचलायचा, नसेल तर नाही. जोसेफ मारी जाकारने ही यंत्रणा १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आणली आणि छिद्रांच्या पुठ्ठ्यांची तीच कल्पना पुढे संगणकात आली. दोष कुठला हे ओळखण्याची खूणही दोन्हीकडे सारखीच आहे. नक्षीच्या प्रत्येक आवृत्तीत त्याच जागी चूक दिसली तर पुठ्ठा तपासायचा, एकाच जागी दिसली तर धागा. स्क्रिप्टमध्येही निकालाच्या प्रत्येक ओळीत चूक असेल तर कोड बघावा. हजारातल्या तीनच ओळी बिघडल्या असतील तर कोडला हात न लावता आधी त्या तीन ओळींची मूळ माहिती उघडावी.

एरर वाचणे

पायथनमधील एररचा, म्हणजे थांबताना दिलेल्या दोषाच्या संदेशाचा, मजकूर खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत दोषाचा प्रकार असतो, त्याच्या वर ओळीचा क्रमांक. नेम एरर आली की नावाचे स्पेलिंग बघावे. इंडेंटेशन एरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेचा घोळ; टॅब आणि स्पेसची सरमिसळ पायथन ३ चालवून घेत नाही. मात्र दाखवलेली ओळ नेहमीच दोषी नसते. कंस उघडून बंद करायचा राहिला, तर जुन्या आवृत्त्या खालच्या निर्दोष ओळीवर बोट ठेवत. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून कुठला कंस उघडा राहिला ते सरळ सांगितले जाते.

वर्ड फाइलमधून कोड उचलून चिकटवला की सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात आणि पायथन ती ओळ नाकारतो. आपल्याच स्क्रिप्टच्या फाइलला सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारा फाइलचा प्रकार) असे नाव देणे ही अशीच एक सापडायला अवघड चूक आहे. मग त्या नावाचे मूळ मोड्यूल (पायथनसोबत येणारा तयार कोड) बोलावले की पायथन आपलीच फाइल उचलतो आणि त्यात नसलेले फंक्शन सापडत नाही म्हणून तक्रार करतो.

अकरा तालुके आणि एक हलन्त

मराठी मजकुराचे दोष वेगळ्या विस्ताराने सांगायला हवेत. ‘सोलापूर’ हा शब्द आपल्या हिशेबाने चार अक्षरांचा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र काना, मात्रा, उकार वेगळे मोजले जातात, म्हणून पायथन त्याची लांबी ७ सांगतो. यूटीएफ-८ मध्ये (ते क्रमांक फाइलमध्ये ठेवण्याच्या पद्धतीत) साठवला की प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि आकडा २१ होतो. २० बाइटांचा रकाना ठेवणाऱ्याचे सोलापूर अर्धवट तुटते ते यामुळे.

फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे स्क्रिप्टला सांगितले नाही, तर अनेक विंडोज संगणकांवर पायथन ती १२५२ क्रमांकाच्या पाश्चात्त्य संकेतात वाचू लागतो. त्या संकेतात काही बाइटांना अर्थच नाही आणि देवनागरीच्या हलन्ताचा (जोडाक्षर घडवणाऱ्या पाय मोडण्याच्या चिन्हाचा) शेवटचा बाइट नेमका त्यांतला आहे. सोलापूर जिल्ह्यातील ११ तालुक्यांची नावे ११ वेगळ्या फायलींत लिहून ही चाचणी करता येते. अक्कलकोट, बार्शी, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर यांत जोडाक्षर आहे, म्हणून तिथे स्क्रिप्ट एरर देऊन थांबते. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, माळशिरस, करमाळा, माढा आणि मोहोळ ही सात नावे मात्र बिनतक्रार वाचली जातात, आणि वाचला जातो तो कचरा: डोक्यावर तिरकी खूण असलेला रोमन ए, मधूनमधून येन या चलनाची खूण. असा मजकूर दिसला की माहिती बिघडली असे समजून फाइल नव्याने टाइप करू नये. माहिती बहुधा शाबूत असते; उघडताना यूटीएफ-८ एवढे सांगितले की काम होते. एक्सेलने यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन केलेल्या फाइलच्या आरंभी अदृश्य खूण असते आणि त्यामुळे पहिल्या रकान्याचे नाव जुळत नाही. तिथे यूटीएफ-८-सिग, म्हणजे ती खूण वगळून वाचणारा प्रकार, सांगावे.

याहून फसवा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. ‘वारकऱ्यांची यादी’ मधला ऱ्या काही ठिकाणी स्वतंत्र ऱ वापरून साठवलेला असतो, तर काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण तुलना केली की स्क्रिप्ट म्हणते, वेगळे. ‘ॲड.’ मधल्या ॲ चेही तसेच: एक स्वतंत्र ॲ, एक अ वर चंद्र दिलेला. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एनएफसी, या दोन जोड्या एक करत नाही. बदलाची ओळ आपणच लिहावी लागते. दोन याद्या जुळवताना थोडीच नावे सुटत असतील, तर सुटलेल्या एका नावातील प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक छापून बघावा. इतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

आकडे आणि पत्ते

सीएसव्ही फाइलमधून वाचलेला आकडा हा आकडा नसतो, मजकूर असतो. पहिल्या पाळीचे १२ आणि दुसऱ्या पाळीचे ८ टॉवेल गठ्ठे जोडले की २० ऐवजी १२८ मिळतात. १,२५,००० मधले स्वल्पविराम काढल्याशिवाय पायथन त्याला पूर्णांक मानत नाही. देवनागरी अंक मात्र तो आनंदाने वाचतो. जावास्क्रिप्ट वाचत नाही.

सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७. एक्सेल त्यातला पुढचा शून्य गिळून २१७ करते. बॅशच्या अंकगणितात आणि पायथन २ मध्ये शून्याने सुरू होणारा आकडा आठच्या पायावर (फक्त ० ते ७ अंकांच्या पद्धतीत) धरला जातो आणि ०२१७ चे १४३ होतात, कुठलीही एरर न देता. पायथन ३ असा आकडा कोडमध्ये लिहूच देत नाही आणि हा कडकपणा योग्यच आहे. याच नियमामुळे महिन्याच्या क्रमांकावर हिशेब करणारी बॅश स्क्रिप्ट जानेवारी ते जुलै नीट चालते आणि ऑगस्टला ०८ आला की एरर देते, कारण आठच्या पायात ८ हा अंकच नाही. ऑक्टोबरात ती आपोआप पुन्हा चालू लागते आणि दोष गेला असा समज होतो. फोन, पिनकोड, खाते क्रमांक यांची बेरीज कधी करायची नसते. ते मजकूर म्हणूनच ठेवावेत.

फाइलच्या पत्त्यातही अशीच खोच आहे. विंडोजमधल्या फोल्डरचे नाव रोमन लिपीत टॉवेल असेल, तर उलटी तिरकी रेघ आणि टी मिळून पायथनला टॅब दिसतो आणि फाइल सापडत नाही. अवतरणाआधी आर हे अक्षर लावले किंवा सुलटी रेघ वापरली की प्रश्न मिटतो. ‘नवी पेठ’ अशी मध्ये जागा असलेली नावे बॅशमध्ये अवतरणांत ठेवावी लागतात, नाहीतर नवी ही एक फाइल आणि पेठ ही दुसरी ठरते.

शोधण्याची रीत

अंदाजाने दहा ठिकाणी बदल करणे ही सर्वांत वाईट सवय. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि स्क्रिप्ट चालवून बघावी. स्क्रिप्टच्या मधोमध प्रिंटची ओळ घालून तिथवर आलेली किंमत पाहावी: ती बरोबर असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. असे निम्मे निम्मे करत गेले तर हजार ओळींत दहा फेऱ्यांत दोषी ओळ हाती लागते. प्रिंट करताना पायथनचे रेप्र फंक्शन वापरावे. त्याने शेवटची रिकामी जागा आणि विंडोजच्या ओळसमाप्तीचे जादा चिन्ह उघडे पडते. माहितीही कमी करावी. ५,००० ओळींच्या फाइलवर झगडण्यापेक्षा दोष दाखवणाऱ्या दोन ओळींची फाइल करावी; ती करताकरताच अनेकदा कारण समजते. एरर दिसू नये म्हणून सगळा कोड ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर आली तरी पुढे चालू ठेवणाऱ्या पायथनच्या रचनेत) गुंडाळणे टाळावे, कारण त्याने थांबणाऱ्या दोषाचा गुपचूप चालणारा दोष होतो.

हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनवर (ठरलेल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) लावली की बंद पडते, याचे कारण बहुतेकदा दोनांपैकी एक असते. क्रॉनला आपल्या टर्मिनलमधले पाथ (आज्ञा शोधायच्या फोल्डरांचे पत्ते) माहीत नसतात, म्हणून पूर्ण पत्ते द्यावे लागतात. दुसरे कारण घड्याळ. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर तो आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. रात्रपाळीत मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत नोंदवलेले उत्पादन मग आदल्या तारखेवर चढते: रात्री १२:३० ची नोंद सर्व्हरच्या लेखी कालच्या संध्याकाळी ७:०० ची असते. एकूण बेरीज जुळते, रोजची जुळत नाही. तारीख काढताना एशिया/कोलकाता हा कालविभाग स्पष्ट दिला की ती नोंद आपल्या दिवसावर परत येते.