घरच्या राउटरवर कोणतं व्हर्जन टाकायचं?

माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढायचा, त्यात दुसरं नेटवर्क कार्ड बसवायचं. एका पोर्टात बाहेरून आलेली इंटरनेटची वायर, दुसऱ्यात घराकडे जाणारी. राउटरचं हार्डवेअर दुपारभरात तयार होतं. गाडी अडते ती पुढे. फायरवॉलसाठी, म्हणजे नेटवरून येणारी-जाणारी वाहतूक नियमांनी गाळण्यासाठी, नावाजलेली ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची म्हटलं, तर समोर तीन नावं येतात: रिलीज, स्टेबल आणि करंट.

दर सहा महिन्यांनी निघणारी आवृत्ती म्हणजे रिलीज. नंतर सापडलेल्या चुका तिच्यातच दुरुस्त केल्या की ती स्टेबल. करंट म्हणजे पुढच्या आवृत्तीचं रोज बदलणारं काम. करंट मोडकीतोडकी असते असं मुळीच नाही, ती घडवणारे स्वतः तीच वापरतात. पण मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू असताना घरातलं नेट हे प्रयोगाचं सामान नव्हे. जुन्या डेस्कटॉपऐवजी मिनी पीसी घेतला आणि त्यातलं नवंकोरं नेटवर्क कार्ड रिलीजला ओळखताच आलं नाही, तरच मी करंटकडे वळेन.

पूर्वी स्टेबलवर राहायचं तर सोर्स कोड आणून स्वतः कंपाइल करावा लागे, म्हणजे त्यातून चालणारी सिस्टिम घडवावी लागे; जुन्या मशीनवर त्यात तासन्‌तास जात. २०१७ च्या ६.१ आवृत्तीत ‘सिसपॅच’ आलं आणि ते काम एका कमांडवर आलं. २०१९ च्या ६.६ पासून ‘सिसअपग्रेड’ पुढची आख्खी आवृत्ती चढवतं. ते लागतंच, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात. म्हणजे वर्षभरात हलायचं, तेही पायरी न गाळता: ७.४ वरून ७.६ ला जायचं तर ७.५ वरूनच. एवढी उठाठेव नको असेल त्याने लिनक्सवरचं डेबियन घ्यावं, तिथे एका आवृत्तीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मात्र डबा, म्हणजे तो जुना कॉम्प्युटर, ३२ बिट प्रोसेसरचा असेल तर डेबियन १३ त्यावर इन्स्टॉल होत नाही. राउटरसाठीच बनवलेल्या पीएफसेन्स या सिस्टिमने तर २.४ पासून, २०१७ मध्येच, ३२ बिट सोडलं. ओपनबीएसडी अजून चालतं.

आवृत्तीचा खरा फटका बसतो तो नियमांच्या फाइलीत. ओपनबीएसडीचं ‘पीएफ’ हे फायरवॉल २००१ मध्ये ३.० बरोबर आलं, आणि २०१० च्या ४.७ मध्ये त्यातली नॅट (घरातली सगळी उपकरणं एकाच इंटरनेट पत्त्यावरून बाहेर नेणारी सोय) लिहायची पद्धतच बदलली. कुठल्यातरी जुन्या लेखातून उचललेली ‘नॅट ऑन…’ ही ओळ आज सरळ सिंटॅक्स एरर देते, म्हणजे लिहिण्यातच चूक दाखवते. बूट होताना अशी चूक निघाली तर सगळी दारं सताड उघडी राहत नाहीत. सिस्टिम आधीच आपले मोजके नियम लावून बसलेली असते: एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून आत शिरायची सोय), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) असं थोडंफार चालू, बाकी बंद. तुम्ही त्या डब्यात शिरू शकता, घरातले मात्र ‘नेट गेलं’ म्हणून ओरडत असतात. म्हणून अपग्रेडच्या आधी नव्या आवृत्तीच्या सूचना वाचायच्या, आणि फाइलीला हात लावला की पीएफ हाताळणाऱ्या ‘पीएफसीटीएल’ या कमांडला ‘-एनएफ’ जोडून ती तपासायची. त्यात नियम नुसते वाचले जातात, लागू होत नाहीत.

जाता जाता विजेचंही बघा. ६० वॉट खाणारा डेस्कटॉप चोवीस तास चालला तर महिन्याला ४३ युनिट होतात. १० वॉटचा मिनी पीसी सातेक युनिटांत भागवतो.