मशेरी कुणी खात नाही, लावतात

भाचेसुनेला पाचवा महिना लागला तेव्हा तिच्या तपासणीला मी सोबत गेले होते. सिस्टर कार्ड भरत होत्या. वय, वजन, आधीचं बाळंतपण, आणि मग, "तंबाखू वगैरे खाता का?"

"नाही."

सिस्टरांनी रकान्यात फुली मारली आणि रक्तदाबाचा पट्टा काढला. मुलगी खोटं बोलली नव्हती. तिच्या पिशवीत मशेरीची डबी होती, ती मी सकाळीच पाहिली होती. पण मशेरी कुणी खात नाही, मशेरी लावतात. ती तंबाखूच्या खात्यात नसते, राखुंडी आणि दंतमंजनाच्या खात्यात असते. प्रश्नातलं क्रियापद चुकलं आणि एक गरोदर बाई नोंदीतून निसटली.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची (त्या वेळी अख्ख्या आळीला ठसका लागतो), चुरायची, पूड करून डबीत भरायची. सकाळी दात घासायला म्हणून चिमूटभर बोटावर घेऊन हिरड्यांवर फिरवायची. कोकणात, गोव्यात, पश्चिम महाराष्ट्रात, मुंबईच्या वस्त्यांत बायकांची ही सवय आईकडून लेकीकडे येते. सकाळचं एकदा कधी चारदा होतं ते कळत नाही. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बायका १.४ टक्के निघाल्या आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. म्हणजे आपल्याकडे गरोदरपण आणि तंबाखू हा विषय सिगारेटच्या चित्राने सुरू करणं हीच पहिली चूक.

१९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यावर तो कायदा पोचत नाही.

"भाजल्यावर तंबाखूतलं विष जळून जातं" हे मी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलं आहे. निकोटीन उकळायलाच २४७ अंश सेल्सिअस लागतात, आणि पानात ते मोकळं नसतं, सेंद्रिय आम्लांशी क्षाराच्या रूपात बांधलेलं असतं. थोडं उडत असेल, पण तलफ भागवण्याइतकं खास उरतं. नसतं उरलं तर मशेरीची सवय लागलीच नसती. उलट भाजण्याने बेंझोपायरिनसारखी कर्करोगकारक द्रव्यं नव्याने तयार होतात, ती वेगळीच.

आता जरा रसायनशास्त्र. बारावीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं हेच शिकवलं, त्यामुळे इथे माझी गाडी लांबणार. कंटाळा आला तर पुढचे चार परिच्छेद गाळा.

निकोटीन सौम्य आम्लारी आहे. आसपास आम्ल असलं की ते प्रोटॉन उचलतं आणि धनभारित होतं. पेशीचं आवरण असतं स्निग्ध, त्यातून भारित रेणू सहजी जात नाही. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन ठेंगण्या दारातून आत शिरायचा प्रयत्न करून बघा, तसं. भारा खाली ठेवला की माणूस सुळकन आत. किती रेणू मोकळे आणि किती भारा घेतलेले, हे त्या जागेच्या सामूवर (pH वर; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ठरतं. सामू ६ असेल तर शंभरातला जेमतेम १ रेणू मोकळा, ७ ला ९, ८ ला निम्मे, ९ ला ९१. तळहातावर चुना लावून तंबाखू मळणाऱ्या आजोबांनी हा तक्ता कधी पाहिला नव्हता, पण चुन्याशिवाय तंबाखू "लागत नाही" हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चुना सामू वर नेतो आणि दारातच भारे उतरवून घेतो.

मशेरीत चुना नसतो. पण हिरड्या चोळल्या की लाळ सुटते, आणि वेगाने सुटणाऱ्या लाळेत बायकार्बोनेट जास्त असतं, म्हणजे तिचा सामूही थोडा वर जातो. पूड बारीक, वेळ भरपूर. तोंडाच्या अस्तरातून रक्तात गेलेलं निकोटीन आधी यकृतात न जाता थेट हृदयाकडे आणि तिथून सगळीकडे पोचतं. "मी गिळत नाही, थुंकते" याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

खरी गंमत, हा शब्द इथे वापरवत नाही, पण रसायनशास्त्रवाल्यांना दुसरा सुचत नाही, ती पुढे आहे. आईच्या रक्ताचा सामू ७.४, गर्भाच्या रक्ताचा साधारण ७.३. फरक एक दशांशाचा. मोकळं निकोटीन वार (प्लॅसेंटा) ओलांडून दोन्हीकडे सारखं होतं, पण बाळाकडे प्रोटॉन किंचित जास्त, म्हणून आत गेलेल्यांपैकी जास्त रेणू पुन्हा भारा उचलतात आणि दारातून बाहेर पडू शकत नाहीत. किती जास्त? मोकळ्या प्रत्येक रेणूमागे एकूण निकोटीन १ + १०^(८ − सामू) इतकं धरा (८ म्हणजे निम्मे रेणू मोकळे असतात तो सामू). आईकडे ४.९८, बाळाकडे ६.०१. भागाकार करा. बाळाच्या रक्तात एकवीस टक्के जास्त यायला हवं.

१९८५ साली सिगारेट ओढणाऱ्या मातांवरची मोजणी प्रसिद्ध झाली. गर्भाच्या रक्तात आईपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त निकोटीन होतं. गर्भजलात तर ८८ टक्के जास्त. गर्भजलाचा सामू ७.१ धरून तेच सूत्र लावलं तर ८० येतात. बाळ लघवीतून निकोटीन गर्भजलात सोडतं, तेच गर्भजल पुन्हा गिळतं, तेव्हा वरचे काही टक्के तिथूनही येत असतील. पाठकोऱ्या कागदावरचं गणित प्रयोगशाळेच्या इतक्या जवळ जाताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

गाळलं असेल त्यांनी इथून वाचा. वार (प्लॅसेंटा) म्हणजे गाळणी, वाईट ते अडवते आणि चांगलं ते सोडते, अशी आपली समजूत आहे. निकोटीनच्या बाबतीत वार गाळणी नाही, आणि तिच्यापलीकडे तर सापळाच आहे. शिवाय निकोटीनने गर्भाशयाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून अमिनो आम्लं पलीकडे नेण्याचं काम मंदावतं.

गरोदर स्त्रीचं धूम्रपान आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांचा संबंध १९५७ साली कॅलिफोर्नियात विनिया सिम्पसन यांनी दाखवला. पुढे बराच दोष धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडवर गेला, कारण तो हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतो. मग ज्यात धूरच नाही त्या मशेरीने काही होऊ नये. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला, २००४ साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. १७ टक्के बायका धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, त्यात मशेरीच जास्त. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी, बाळंतपण सहा दिवस आधी. २००६ च्या पुढच्या लेखात मृत जन्माचं प्रमाण आलं, वापरणाऱ्यांत ८.९ टक्के, इतरांत ३.१. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची 'स्नस' तंबाखू असते, तिच्यात सामू वाढवायला सोडा घालतात (आपल्या चुन्याचा विलायती भाऊ). तिथेही २००३ च्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता जवळपास दुप्पट निघाली.

"मग आमची सहा पोरं कशी धडधाकट झाली?" असं माझ्या थोरल्या नणंदेने विचारलं. १०५ ग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत. हजार बाळं वजनकाट्यावर ठेवल्यावर दिसतात. तीन किलोच्या बाळाला त्याने फार फरक पडणार नाही, दोन किलो चारशेच्या बाळाला पडेल. "बाळ लहान असलं की सुटका लवकर होते" असंही कुणी सांगतं. कमी वजनाच्या बाळाचा पहिला महिना ज्यांनी काढला आहे त्यांना विचारा.

याच नणंदेने मागच्या ग्रहणात भाचेसुनेला विळी-सुरीला हात लावू दिला नाही, बाळाचा ओठ फाटेल म्हणून. ग्रहण आणि फाटका ओठ यांचा काडीचा संबंध नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीचं धूम्रपान आणि फाटका ओठ यांचा मात्र कार्यकारण संबंध आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालात आहे. तो सिगारेटबद्दलचा आहे, मशेरीवर मी तो ढकलणार नाही. पण विळी उचलून ठेवली आणि डबी तिथेच राहिली, हे दृश्य मी विसरू शकत नाही.

पुढच्या तपासणीला मी सिस्टरांना हळूच म्हटलं, मशेरी लावतेस का असं विचारा.

"व्हय, लावते की," ती लगेच म्हणाली. "आधी दोनदा लावायची, आता चार-पाच वेळा लागते. डोहाळेच लागलेत म्हणा ना."

डोहाळे नव्हेत ते. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे यकृतातलं सीवायपी २ए६ नावाचं विकर (एन्झाइम) जोमाने काम करतं आणि निकोटीन एरवीपेक्षा साधारण ६० टक्के जास्त वेगाने निपटलं जातं. रक्तातली पातळी लवकर उतरते, तलफ लवकर येते, बोट पुन्हा डबीकडे जातं. बाळाकडे हे विकर जवळजवळ नसतंच. मोठ्या माणसाच्या रक्तातलं निकोटीन दोनेक तासांत निम्मं होतं, नवजात बाळाला त्यालाच अकरा तास लागतात.

हे सगळं मी तिला सिस्टरांसमोरच सांगितलं, सूत्र सोडून. तिने डबी पिशवीतून काढली, थोडा वेळ हातात फिरवली आणि विचारलं, "मग दात कशाने घासू?"